हुजऱ्या म्हणजे नेमका कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या कागदांत मोडीतली एक दोन पानी याद सापडली आणि कोणी तरी ती देवनागरीत उतरवून दिली. दसऱ्याला सरकारातून कोणाला काय पोषाख दिला, त्याची ती यादी. वर 'सन समान सबैन मया व अलफ' असं लिहिलंय. एका गटाच्या माथ्यावर 'हुजरे' असा शब्द आहे आणि त्या गटात तुमच्या घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव, पुढे 'पागोटे 1'. वंशावळीचं पुस्तक छापायला जायचंय. थोरले काका म्हणतात, हे लिहू नका, लोक हसतील. धाकटी मंडळी म्हणतात, 'अंगरक्षक' लिहून मोकळे व्हा. तुम्ही विचारता की शब्द खरोखर इतका हलका आहे का, 'खिजमतगार'पेक्षा वेगळा आहे का, आणि आज तो वापरायचा झाला तर कसा.

मी मोडी कागद वाचून देण्याचं काम करते. कोणाच्या जमिनीचा वाद असतो, कोणाला आपलं कूळ शोधायचं असतं. नोकरचाकरांच्या नावांचे शब्द त्यात सारखे भेटतात आणि वारस मंडळी सगळ्यात जास्त अडखळतात तीही इथेच. म्हणून जरा ऐसपैस सांगते.

आधी कागदाचा काळ. 'समान' म्हणजे आठ, 'सबैन' सत्तर, 'मया' शंभर, 'अलफ' हजार. झाले 1178. हा शुहूर सन, याला मराठी कागदांत अरबी सन असंही म्हणतात. हा मृगापासून सुरू होतो. त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, आणि वर्ष मृगाला बदलत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या महिन्यांना 600 मिळवावे लागतात. तुमची याद दसऱ्याची, म्हणजे 1777 चा दसरा. पेशवे होते सवाई माधवराव. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1774 चा, पुरंदरावरचा. म्हणजे ज्या 'हुजुरा'चे हे हुजरे, ते हुजूर त्या दसऱ्याला साडेतीन वर्षांचं पोर होतं. कागद पेशव्यांच्या घरचाच असेल असं मात्र धरून चालू नका. सरदारांच्या वाड्यांवरही हुजरे असत आणि तिथले कारकूनही आपल्या धन्याला 'सरकार'च म्हणत. यादीच्या माथ्यावरचा मजकूर आणि बाकीच्या गटांतली नावं पाहिली की हे कोणतं सरकार ते ठरतं.

आता शब्द. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हजर असणं, समक्षता. हजर, हाजिर, हजेरी, हजरत, हुजूर ही सगळी एकाच घरातली भावंडं. मराठीत आल्यावर या शब्दाने मराठी वळण घेतलं. माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला होतं, तसं हुजूरचं हुजर- झालं. त्याला '-या' लागून हुजऱ्या आणि '-आत' लागून हुजरात (हुजुरात असंही लिहितात). पुष्कळांना वाटतं की हा '-या' तुच्छतेचा आहे, 'रामा'चा 'राम्या' करावा तसा. तो तसा नाही. वाटाड्या, सोंगाड्या, पाणक्या यांतला तो '-या' आहे, काम किंवा धंदा सांगणारा. अनेकवचनही त्याच धाटणीने होतं: वाटाडे, सोंगाडे, हुजरे. तेव्हा कारकुनाने तुमच्या पूर्वजाला 'हुजऱ्या' लिहिलं त्यात हेटाळणी नव्हती. तो त्याचा हुद्दा होता.

हेटाळणी शोधायचीच असेल तर ती नावात शोधा. जुन्या कागदांत माणसाचा मान त्याच्या नावाच्या शेपटाला कळतो. 'अमुकजी बिन तमुकजी' असं पूर्ण लिहिलंय, की नुसतं 'अमक्या'? तुमच्या उताऱ्यात नावाला 'जी' आहे आणि पुढे 'बिन' लावून बापाचं नावही आहे. हिशेबाच्या यादीत कारकून शाई वाया घालवत नसे. 'जी' लिहिलाय, तर तो माणूस जी म्हणण्याजोगा होता.

'हुजूर' या शब्दाबद्दल एक गैरसमज मालिकांनी घट्ट केलाय, तो इथेच काढून टाकू. पडद्यावर पेशव्यांसमोर वाकून 'हुजूर, हुजूर' करणारे नोकर दिसतात. मराठी कागदांतला 'हुजूर' बहुतेक वेळा संबोधन म्हणून येत नाही. तो ठिकाण सांगतो. 'ऐवज हुजूर पाठवावा', 'अमुक यास हुजूर आणावे', 'हुजूर येऊन जाब द्यावा' अशी ती वाक्यं असतात. हुजूर म्हणजे धनी जिथे असेल ती जागा, मग तो वाडा असो, किल्ला असो नाहीतर मोहिमेवरचा तंबू. पेशव्यांना बोलताना 'श्रीमंत', 'सरकार', 'स्वामी' म्हणत. पुण्यातल्या मुलींच्या शाळेमुळे 'हुजूरपागा' हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 1884 साली ती शाळा निघाली, पण नाव जागेचं आहे: हुजुरातीच्या घोड्यांची पागा तिथे होती. पानिपतावर भाऊसाहेबांच्या हाताखाली मध्यभागी उभी असलेली फौज ती हुजुरात. सरदारांच्या फौजा वेगळ्या, ही खुद्द धन्याची. पेशवाई बुडाल्यावरही शब्द टिकला. बडोद्यात आणि कोल्हापुरात 'हुजूर हुकूम' निघत राहिले, इंग्रजी अमलात जिल्ह्याला 'हुजूर डेप्युटी कलेक्टर' असे, आणि भोपाळच्या एका तहसिलीचं नाव अजून 'हुजूर'च आहे.

म्हणून हुजऱ्याचा अर्थ 'हुजूर हुजूर करणारा' असा लावू नका. हुजुरात, धन्याच्या समक्ष ज्याची नेमणूक, तो हुजऱ्या. इतर नोकरांची नावं पाहिली की हे जास्त स्पष्ट होतं. पाणक्या पाणी भरतो. मशालजी किंवा दिवट्या उजेड धरतो. भोई पालखी उचलतो. मोतद्दार घोड्याचं बघतो. फरास बिछायती, तंबू, दिवाबत्ती बघतो (पुण्याची फरासखाना चौकी त्याच फरासांच्या नावाची). चोपदार चोप घेऊन पुढे चालतो आणि भालदार भाला घेऊन ललकारतो. जासूद पत्र घेऊन पळतो. या सगळ्यांच्या नावात काम आहे, नाहीतर हातातली वस्तू तरी आहे. हुजऱ्याच्या नावात काहीच वस्तू नाही. धन्याच्या जवळ असणं, एवढंच त्याच्या नावात आहे. पडेल ते काम त्याचं: हाक मारली की 'जी' म्हणायचं, आत-बाहेर निरोप न्यायचा, कोणाला बोलावून आणायचं, विडा पुढे करायचा, सदरेवर कोण येऊन बसलंय ते आत कळवायचं. महत्त्वाच्या माणसाला बोलावणं धाडायचं तर नुसता जासूद पाठवून भागत नसे. हुजऱ्या पाठवला म्हणजे बोलावणं खुद्दांकडचं आहे, हे समोरच्याला न सांगता कळे.

खिजमतगार हा त्याचा सख्खा शेजारी. खिजमत म्हणजे सेवा, म्हणजे या शब्दाचा रोख सेवेवर आहे: अंघोळ, कपडे, बिछाना, हातपाय चेपणं, असं अंगाशी निगडित काम. हुजऱ्या दिवाणखान्याच्या दाराशी आणि खिजमतगार आतल्या खोलीत, असं मोघम चित्र डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. कागदांत मात्र ही रेघ काटेकोर नसते. तोच माणूस एका यादीत खिजमतगार आणि दुसरीत हुजऱ्या म्हणून येऊ शकतो. दोन्हींचा मान सारखाच धरावा. 'शागीर्द' हा तिसरा शब्द लोकांना हमखास फसवतो. आज आपण गवयाचा किंवा पैलवानाचा चेला म्हणजे शागीर्द असं समजतो. पेशवाईतल्या हिशेबात 'शागीर्दपेशा' असा खर्चाचा सदर दिसला, की तिथे शिष्यवर्ग शोधू नका. तो वाड्यावरच्या नोकरवर्गाचा खर्च असतो. एका गृहस्थांनी याच शब्दावरून आपल्या पूर्वजांना राजगायकाचे शिष्य ठरवून घरात तंबोऱ्याची पूजाही सुरू केली होती. मी खरा अर्थ सांगितल्यावर त्यांनी चहा विचारला नाही.

आता तुमच्या थोरल्या काकांच्या लाजेबद्दल. हुजऱ्याची ताकद कशात होती, हे एका प्रसंगावरून सांगता येतं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारदी आत घुसले तेव्हा नारायणराव धावत राघोबादादांकडे गेले आणि त्यांना मिठी मारून 'काका, मला वाचवा' म्हणाले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच क्षणी तिथे दोन नोकर होते, त्यांची आठवण फारशी काढली जात नाही. तुळाजी पवार हा राघोबांच्या खासगीतला. त्याने नारायणरावांना ओढून काढलं. दुसरा चाफाजी टिळेकर, नारायणरावांचा नोकर. त्याने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं आणि तो तिथेच मारला गेला. जहागिरी नाही, फौज नाही, अशा त्या दोघांच्या हाताला पेशवा लागत होता, कारण त्यांची जागाच तिथे होती. सरदाराला आत यायला वर्दी द्यावी लागे, आणि वर्दी देणारा हा असे. म्हणून कटवाले आधी अशा माणसांना वश करून घेत आणि म्हणूनच अशी जागा भरताना धनी घराण्याची पारख करी. बाप या घरात वाढला, तर पोरगा चालेल, असा तो हिशेब. तुळाजीचं नाव कित्येक ठिकाणी 'तुळ्या' असं येतं. शेपटाचं मघाशी सांगितलं, ते इथे बघा: त्याच्या नावातला '-या' खराच तुच्छतेचा आहे, आणि तो त्याच्या हुद्द्यामुळे चिकटलेला नाही.

हे वाचून धाकटी मंडळी खूश होतील की बघा, अंगरक्षकच तो. नाही. चाफाजीने जीव दिला म्हणून हुजऱ्या हा शिपाई ठरत नाही. शिपायाला, ढालाईताला, बारगिराला स्वतःचे शब्द होते आणि कारकून ते चुकत नसत. तुमचा पूर्वज शिपाई असता तर त्या यादीतच वेगळ्या गटात आला असता. 'अंगरक्षक', 'खासगी सचिव', 'दरबारी अधिकारी' अशी बढती देण्याचा मोह प्रत्येक घराण्याला होतो. कागदाने जे दिलं नाही ते आपण देऊ नये, एवढंच मी म्हणेन. पुढे कोणी खराच अभ्यास करायला बसला तर अशी एक फुगवलेली ओळ बघून अख्ख्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास उडतो.

तुमच्याकडे आणखी कागद असतील, तर हुद्द्यापेक्षा जास्त काही सांगणाऱ्या जागा कुठे असतात ते सांगते. मोडी हिशेबात शब्द तोडून दोन दंड देतात. 'दि॥' म्हणजे दिमत, कोणाच्या हाताखालचा. 'नि॥' म्हणजे निसबत, कोणाकडला. आणि 'गु॥' म्हणजे गुजारत, कोणाच्या हातून. खर्चाच्या ओळीत 'गु॥ अमुक हुजऱ्या' असं दिसलं तर तो सोन्याचा तुकडा समजा. पैसा किंवा वस्तू त्या माणसाच्या हातून पोचली आणि ती पोचल्याची नोंद त्याच्या नावावर झाली. शंभर नोकरांत अशा ओळींत नाव येणारे मोजके असतात. 'दि॥ खासगी' असं असेल तर तो घरच्या खर्चातला, कचेरीच्या किंवा फौजेच्या शिबंदीतला नव्हे. वेतनाच्या नोंदीत 'इ॥' आणि 'त॥' दिसतात. ते इस्तकबिल आणि तागाईत, म्हणजे अमक्या दिवसापासून तमक्या दिवसापर्यंत. त्यावरून तो किती काळ चाकरीत होता ते काढता येतं. आणि तुमच्या यादीतलं ते 'पागोटे 1'. कोणाला नुसतं पागोटं, कोणाला पागोटं नि शेला, कोणाला त्याहून जास्त. माणसांची उतरंड तिथे कापडाने लावलेली असते. तुमच्या पूर्वजाला एकच पागोटं आहे, आणि त्याच गटातल्या पहिल्या दोन नावांना शेलाही आहे. म्हणजे हा हुजऱ्यांतला म्होरक्या नव्हता. लिहायचंच तर हेही लिहा.

एक शंका मात्र आधी मिटवून घ्या: मूळ वाचन पक्कं आहे का. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि लेखणी उचलायची नाही या हट्टापायी अक्षरं एकमेकांत पाय अडकवून उभी असतात. मोबाइलवर काढलेल्या पुसट फोटोत 'हुजरे', 'हजारे' आणि 'हजारी' यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. हजारे आडनाव आहे. हजारी हा फौजेतला हुद्दा, हजार माणसांवरचा. आणि गंमत म्हणजे 'हुजरे' हेही आडनाव आहे. तुमच्या बाबतीत शब्द गटाच्या माथ्यावर आहे आणि त्याखाली वेगवेगळ्या घरांतली नावं आहेत, म्हणून तो हुद्दाच. तो नुसता एका नावापुढे आला असता तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते.

हुद्द्याचं आडनाव होणं आपल्याकडे नवं नाही. पंढरपूरला त्याचा अख्खा वाडा उभा आहे. विठ्ठलाची सेवा राजाच्या थाटाची, म्हणून त्याचे नोकरही राजाच्या नोकरांसारखे. पाणी आणून देणारे परिचारक, आरसा दाखवणारे डिंगरे, चांदीची काठी घेऊन उभे राहणारे डांगे, दिवटी धरणारे दिवटे, आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, हरिदास. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या विठ्ठल-रुक्मिणीच्या मानकरी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले आणि देवळाचा कारभार सरकारी समितीकडे राहिला. आडनावं मात्र राहिली. परिचारक म्हणजे शब्दशः नोकर. त्या आडनावाची कोणाला लाज वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. धनी देव असला की चाकरी भूषण ठरते. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते, वारकरी स्वतःला विठ्ठलाचे पाईक म्हणवतात. माणसाच्या घरची चाकरी मात्र आपण लपवतो. त्यातही गंमत अशी की 'नोकरी' सगळ्यांना हवी असते, लग्नाच्या बायोडेटात ती ठळक अक्षरांत असते, पण स्वतःला 'नोकर' कोणी म्हणवून घेत नाही.

जिथे लाज सोडून वेगळ्याच गोष्टीचा विचार करायला हवा, अशी एक जागा आहे. जुन्या याद्यांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द येतात. त्यांना मोलकरीण समजून पुढे जाऊ नका. त्या विकत घेतलेल्या बायका असत. त्यांच्या नावापुढे वेतन नसतं, किंमत असते. त्या एका घरातून दुसऱ्या घरात बक्षीस म्हणूनही दिल्या जात. कंपनी सरकारच्या 1843 च्या कायद्याने गुलामीला कायद्याचा आधार राहिला नाही, तोवर हे चालू होतं. हुजऱ्याला वेतन होतं, दसऱ्याला पागोटं होतं, चाकरी सोडून जाता येत होतं. कुणबिणीला यांतलं काही नव्हतं. तुमच्या पूर्वजाच्या यादीत शेवटी 'कुणबिणी' असा गट आहे आणि तुमच्या देवनागरी उताऱ्यात त्याच्यापुढे कंसात 'कामवाल्या' लिहिलंय. तो कंस काढायला सांगा. पुस्तकात ती याद पूर्ण छापणार असाल तर त्या बायकांची नावंही तशीच छापा. त्यांची वंशावळ कोणी काढणार नाही.

आजच्या वापराबद्दल. वर्तमानपत्रात 'हुजरे' रोज दिसतो: अमक्या नेत्याचे हुजरे, दिल्लीपुढे हुजरेगिरी. दोनशे वर्षांत शब्दाचा घसारा झाला हे खरं, पण तो कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. धन्याजवळ असणं हा अर्थ तसाच राहिला, काम मात्र गळून पडलं. नेत्याच्या गाडीत बसतो, फोन उचलतो, भेटायला आलेल्याला ताटकळत ठेवतो, आणि स्वतः काहीच करत नाही, तो आजचा हुजऱ्या. जवळच्या शब्दांशी त्याची गल्लत करू नका. भाट स्तुती करतो, त्याला व्यासपीठ लागतं. चमच्याला काही तरी हवं असतं. होयबा बैठकीत मान डोलावतो आणि घरी जातो. लाळघोट्या हा निव्वळ शिवीचा शब्द, त्यात दरबार नाही. हुजऱ्या म्हटलं की दार आलं, दाराआडचा धनी आला आणि बाहेर थांबलेली माणसं आली. यांपैकी काही नसेल तर तो शब्द तिथे बसत नाही. 'साहेबांनी जोक मारला आणि सगळे हुजरे हसले' हे बरोबर. 'तो पैशाचा हुजरा आहे' हे कानाला खटकतं, कारण पैशाला दार नाही. तिथे गुलाम म्हणा. आणि एकवचन लिहायचं तर 'हुजऱ्या' लिहा. 'हुजरा' हे रूपही वापरात दिसतं, पण 'सोंगाड्या'ला 'सोंगाडा' म्हणावं तसं ते मला वाटतं.

ऐतिहासिक कादंबरी, नाटक, मालिका लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण त्यांच्याकडूनही हा प्रश्न येतो. पात्राला हाक मारताना 'अरे हुजऱ्या' म्हणू नका. हुद्दा हाकेत येत नसे, हाक नावाने. 'कोण आहे रे तिकडे?' हे चालेल, त्याला 'जी' असं उत्तर येईल. आणि एका हुजऱ्याकडून पाणी, पालखी, मशाल, पत्र अशी सगळी कामं करून घेऊ नका. निर्मात्याचे पैसे वाचतात, पण मोठ्या वाड्यावर तसं नसे. पाण्याचं काम तर जातीवर ठरे. पेशव्यांच्या स्वयंपाकघराला लागणारं पाणी कोणी शिवायचं आणि पालखीशी कोणी चालायचं, हे आधीच ठरलेलं असे आणि हुजऱ्याला तिथे हात लावायची सोय नव्हती.

आजच्या घरकाम करणाऱ्या माणसासाठी मात्र हे जुने शब्द कौतुकानेसुद्धा वापरू नयेत असं माझं मत आहे. मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याचं खरं नाव काहीही असो, त्याला सरसकट 'रामा' म्हणत. ते विनोदी वाटत असे, ज्याचं नाव पुसलं गेलं त्याला सोडून. 2008 सालच्या राज्याच्या कायद्यात 'घरेलू कामगार' असा शब्द आला, तो हिंदी वळणाचा आहे हे मान्य, 'घरकामगार' जास्त बरा. पण त्यात कामगार हा शब्द आहे, तोच महत्त्वाचा. सालगडी आणि सालदार हे शब्द अजून जिवंत आहेत, कारण तो करार अजून जिवंत आहे: कुठे अक्षय्य तृतीयेला, कुठे पाडव्याला सालं ठरतात. तिथे तो शब्द बिनदिक्कत वापरा.

तर तुमच्या पुस्तकात मी असं लिहीन: 'शुहूर सन 1178 (इ. स. 1777) च्या दसऱ्याच्या पोषाखाच्या यादीत यांचे नाव हुजरे या गटात आहे. हुजऱ्या म्हणजे धन्याच्या समक्ष तैनातीस असलेला सेवक. या वर्षी त्यांना पागोटे 1 मिळाल्याची नोंद आहे.' एवढंच. सोबत मूळ पानाचा फोटो छापा, म्हणजे थोरले काका आणि धाकटी मंडळी दोघांचंही तोंड बंद होईल.

पुढे शोध घ्यायचा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. पेशवे दफ्तर तिथे रुमालांत बांधलेलं आहे. नुसतं आडनाव सांगून काही मिळत नाही, सन आणि सदर सांगावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही आहेत: 1178 आणि खासगीकडला पोषाख. घराण्याला कधी काळी इनाम जमीन होती असं घरात बोललं जात असेल, तर 1852 नंतरच्या इनाम चौकशीतले कागदही विचारा. त्या चौकशीत कुटुंबांना आपली जमीन कोणी, कशाबद्दल दिली ते कैफियतीत सांगावं लागे. तुमचे पणजोबा-खापरपणजोबा स्वतःच्या तोंडाने आपल्या चाकरीबद्दल काय सांगत होते, ते तिथे वाचायला मिळू शकतं.

आणि छपाईला देण्याआधी टंकलेखन तपासा. फोनवर घाईत 'हुजर्या' उमटतं, रफार य-वर चढतो आणि शब्द 'दर्या'सारखा वाचला जातो. आपल्याला 'दऱ्या'तला ऱ्या हवा. त्यासाठी नुक्तेवाला ऱ, मग पाय मोडायचा, मग य आणि काना. तुमच्या कच्च्या मजकुरात हे सगळीकडे चुकलंय, एकदम शोधून बदलून घ्या.